लिस्बनमधली आफ्रिका: एका पायी फेरीचा वृत्तांत

माझं आजोळ मुरूडचं. लहानपणी आजी त्या सगळ्या पट्ट्याला 'हबसाण' म्हणायची. जंजिऱ्याचे सिद्दी, हबशी, हे शब्द कानावरून जायचे, पण आफ्रिकन वंशाची ती माणसं मुळात कुठून आणि कशी आली, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन लिस्बनला गेले, तेव्हा तिथल्या आफ्रिकन वारशाची पायी फेरी मी मुद्दाम ठरवली. पोर्तुगालला जाणारा आपल्याकडचा माणूस बहुतेक गोव्याचं बोट धरून जातो. वास्को द गामाची कबर, बेलेंचा मनोरा, कस्टर्डची पेस्ट्री, झालं. ते पाहाच. पण एक दिवस या फेरीसाठी काढून ठेवा, आणि शक्यतो सहलीच्या सुरुवातीलाच. नंतर बाकीचं शहर वेगळं दिसायला लागतं.

फेरी सुरू होते प्रासा दो कोमेर्सियो या नदीकाठच्या भव्य चौकातून. 1755 च्या भूकंपापूर्वी इथे राजवाडा होता, आणि आशिया-आफ्रिकेच्या व्यापाराचा हिशेब ठेवणारी 'काझा दा इंडिया' ही कचेरीही. 1486 मध्ये गुलामांच्या व्यापारासाठी वेगळी कचेरी निघाली, तिचं नाव 'काझा दोश एश्क्राव्होश', म्हणजे 'गुलामांचं घर'. मिरी, सोनं, हस्तिदंत आणि माणसं, सगळं याच काठावर उतरायचं. भूकंपाने आणि त्यामागून आलेल्या लाटांनी, आगीने ते सगळं नेलं. त्यामुळे चौकात पाहण्यासारखं असं काही नाही, आणि म्हणूनच इथे वाटाड्या लागतो. आमचा वाटाड्या मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, लिस्बनमध्ये बरीच वर्षं राहिलेला. त्याने पहिल्याच दहा मिनिटांत एक आकडा सांगितला: 1551 च्या एका गणनेत एक लाखाच्या या शहरात 9,950 गुलाम मोजले होते. दहातला एक माणूस. आई म्हणाली, "म्हणजे घरटी एखादा तरी." बरोबरच होतं तिचं.

चौकातून पूर्वेकडे काठाने चालत गेलं की काझा दोश बिकोश लागतं, टोकदार दगडांच्या दर्शनी भिंतीचं घर. 1510 मध्ये गोवा घेणाऱ्या आफोन्सो द आल्बुकेर्कच्या मुलाने ते 1523 च्या सुमारास बांधलं. समोरच्या कांपो दाश सेबोलाश या मोकळ्या जागेसाठी गुलामगिरीच्या बळींचं स्मारक 2017 मध्ये लिस्बनकरांनी महापालिकेच्या लोकसहभागी अर्थसंकल्पात मतं देऊन मंजूर करून घेतलं. आफ्रिकन वंशाच्या लोकांची 'जास' ही संघटना त्यामागे होती. अंगोलाचा कलावंत किलुआंजी किया हेंडा याचा आराखडा निवडला गेला: काळ्या धातूच्या उसांचं शेत. आम्ही गेलो तेव्हा ते उभं राहिलेलं नव्हतं. मतं पडून इतकी वर्षं होऊनही जागा तशीच आहे, याचं मला वाईट वाटलं, आणि वाटाड्यालाही ते लपवता आलं नाही. तुम्ही जाल तेव्हा आधी त्याचीच चौकशी करा.

तिथून चार पावलांवर अल्फामा या जुन्या, चढाच्या वस्तीच्या पायथ्याला शाफारीझ देल-रेई आहे, म्हणजे राजाचा पाणवठा. या सबंध फेरीतली मला सर्वांत जवळची जागा हीच. एका लांब दगडी भिंतीला तोट्यांच्या जागा आहेत, पाणी मात्र आता येत नाही. वाटाड्याने पिशवीतून एका चित्राची छापील प्रत काढली. सोळाव्या शतकातलं, याच पाणवठ्याचं चित्र. त्यात काठावर माणसांची झुंबड उडाली आहे आणि त्यातली कितीतरी काळी आहेत. डोक्यावर घडे घेतलेल्या बायका आहेत, होडी वल्हवणारे आहेत, नाचणारं जोडपं आहे. आणि एक काळा सरदार चक्क घोड्यावर, अंगावर सांतियागो या मानाच्या पंथाचं चिन्ह. तो बहुधा जुआंव द सा पानाश्कु, राजाच्या दरबारातला विदूषक, जो पुढे या पंथाचा सरदार झाला. गुलाम आणि सरदार एकाच चौकटीत. शाळेत वाचलेल्या इतिहासात असं चित्र आपल्याला कुणी दाखवलेलं नसतं.

मग त्याने 1551 चा नगरपालिकेचा हुकूम सांगितला. पाणवठ्यावर भांडणं होतात म्हणून कुठल्या तोटीवर कुणी पाणी भरायचं, ते वाटून दिलेलं. काळ्या आणि गुलाम पुरुषांची तोटी वेगळी, काळ्या बायकांची वेगळी, गोऱ्यांची वेगळी. तो पुढे बोलत होता, पण माझं लक्ष उडालं. मुरूडहून महाड काही फार लांब नाही. चवदार तळ्याला मी लहानपणापासून जात आले आहे, 20 मार्च 1927 ला तिथे काय झालं हे आमच्या जिल्ह्यात पोरासोरांना ठाऊक असतं. मी त्याला थांबवून ते सांगितलं, माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत: आमच्याकडे तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. गटातले सगळे गप्प झाले. त्याने बाबासाहेबांचं नाव मला पुन्हा विचारलं आणि वहीत उतरवून घेतलं. तुम्हाला जे ठाऊक आहे ते अशा फेरीत बोला. वाटाड्याला हवंच असतं.

या पाणवठ्यावरून पाणी वाहून नेणं, भिंतींना चुना काढणं, नदीकाठी धुणं, ही कामं आफ्रिकन लोकांकडे होती. सर्वांत हलकं काम कालांद्रेइराश म्हणवल्या जाणाऱ्या बायकांचं. घराघरांतलं मैल्याचं भांडं डोक्यावर घेऊन त्या ते नदीत रिकामं करायच्या. आजच्या पोर्तुगीजमध्ये त्याच शब्दाचा अर्थ 'चहाड्या करणारी बाई' असा उरला आहे. शब्दांवरून आठवलं: आपल्या गोव्यातल्या चिकन काफ्रेआलमधलं 'काफ्र' हे आफ्रिकन माणसासाठी वापरलेलं जुनं, तुच्छतेचं नाव. तो पदार्थ मोझांबिककडून आला. पोर्तुगीजांनी तिथून माणसंही गोव्यात आणली, आणि त्यांतले पळालेले घाट चढून यल्लापूर-हल्याळच्या रानात गेले. तिथले सिद्दी आजही कोकणी बोलतात.

पुढचा थांबा रोसियोजवळचा लार्गो द साओ दोमिंगोश. ही जागा सकाळी अकरानंतर पाहावी. गिनी-बिसाऊचे लोक इथे रोज जमतात, उभ्या उभ्या गप्पा मारतात, बायका कोला नट आणि सुका मेवा विकायला बसलेल्या असतात. हे आजकालचं नाही. इथल्या साओ दोमिंगोश चर्चमध्ये काळ्या लोकांचा 'रोझारियो' नावाचा संघ कित्येक शतकांपूर्वी चालत होता. सभासदांना पैसे जमवून गुलामीतून सोडवणं आणि मेलेल्याला रीतसर मूठमाती देणं हे त्याचं मोठं काम. चर्च 1959 मध्ये आत जळालं, खांब अजून काळवंडलेले आणि तडकलेले आहेत, तसेच ठेवले आहेत. आत जा, पाच मिनिटं बसा. बाहेर 1506 मध्ये मारल्या गेलेल्या यहुद्यांचं स्मारक आहे. बाजूच्या रोसियो चौकात नॅशनल थिएटर आहे, त्या जागी इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंडी ठरवलेल्यांना शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता. गोव्यातलं इन्क्विझिशन ज्यांनी वाचलंय त्यांना जास्त सांगायला नको. फोटोबद्दल एक विनंती: तिथे उभ्या असलेल्या माणसांचे फोटो न विचारता काढू नका. आमच्या गटातल्या एकाने काढला आणि एक आजी फार दुखावल्या.

शेवटचा टप्पा शहराच्या पश्चिमेला. वाटाडे इथे कधी ट्रामने नेतात, कधी चालत. 28 नंबरची ट्राम जवळून जाते, पण ती खच्चून भरलेली असते आणि खिसेकापूंची आवडती आहे, तेव्हा पाकीट पुढे घ्या. सध्याच्या माद्रागोआ भागाला पूर्वी मोकांबो म्हणत. 1593 च्या राजाज्ञेने वसलेली आफ्रिकनांची वस्ती, नावही आफ्रिकन भाषेतलं, निवाऱ्याच्या अर्थाचं. आणि तिथून जवळच रुआ दो पोसो दोश नेग्रोश, शब्दशः 'काळ्यांच्या विहिरीचा रस्ता'. 1515 मध्ये राजा मानुएलने लिहिलं की मेलेले गुलाम नीट पुरले जात नाहीत, कुत्री ओढतात, तर एक खोल खड्डा खणा आणि त्यात अधूनमधून चुना टाकत जा. हा रस्ता त्या खड्ड्याच्या नावाचा मानतात. काही जण नावाचा संबंध काळ्या झग्याच्या बेनेडिक्टाइन साधूंशी लावतात, वाटाड्याने तेही प्रामाणिकपणे सांगितलं. रस्त्यावर आज कॉफीची दुकानं आहेत, तरुण मंडळी बसलेली असतात. आई रस्त्याच्या कडेला थांबली आणि तिने हात जोडले. त्या क्षणी मलाही दुसरं काही सुचलं नाही.

आता थोडं कामाचं. फेरी तीन ते चार तासांची आणि बहुतेक इंग्रजीत असते. 'आफ्रिकन लिस्बन टूर' आणि 'बातोतो येतू पोर्तुगाल' ही दोन नावं शोधून पाहा, जागा आधी राखून ठेवा. फुकटच्या फेऱ्यांत हा विषय दोन वाक्यांत उरकतात, त्या भरवशावर राहू नका. लिस्बनचे पदपथ गुळगुळीत चुनखडी चिऱ्यांचे आहेत, पावसात शेवाळलेल्या घाटासारखे निसरडे होतात. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. आईचे गुडघे दुखतात हे मी वाटाड्याला आदल्या दिवशी कळवलं होतं, त्याने अल्फामाचा चढ टाळून सपाटीचा रस्ता धरला. तुम्हीही कळवा, संकोच करू नका. दक्षिण पोर्तुगालमधल्या लागोश गावी जाणार असाल तर तिथला जुना गुलाम-बाजारही पाहा. 1444 मध्ये 235 माणसं तिथे उतरवून वाटली गेली, आणि 2009 मध्ये गाडीतळासाठी खोदताना दीडशेहून अधिक आफ्रिकनांचे सांगाडे सापडले. बेलेंचं शोधयात्रींचं स्मारक मात्र मी दहा मिनिटांत आटोपलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मार्केश द पोंबाल चौकाजवळच्या केप व्हर्डी लोकांच्या संघटनेत जेवलो. एका कचेरीच्या इमारतीत आठव्या मजल्यावर, मंगळवारी आणि गुरुवारी, गाण्यासह. जाण्यापूर्वी फोन करून खात्री करा. काशुपा म्हणजे मका, कडधान्यं आणि मांस घालून तासन्‌तास शिजवलेला पदार्थ. शाकाहारी असाल तर मांसाविना काशुपा मिळेल का, हे आधी विचारा. मका आणि वाल आईला घरचे वाटले. जेवता जेवता लोक उठून नाचतात, आणि कुणी बोलावलं तर जायचं असतं.

तिथून कॅथेड्रलजवळच्या आल्जुब संग्रहालयात गेलो. हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीतला राजकीय कैद्यांचा तुरुंग, अंगोलाचे पुढचे पहिले अध्यक्ष आगोश्तिन्यो नेटो इथे कोंडलेले होते. नेटो, गिनी-बिसाऊ आणि केप व्हर्डीच्या स्वातंत्र्यलढ्याचे पुढचे नेते आमिल्कार काब्राल, ही मुलं लिस्बनला शिकायला आली आणि 1944 मध्ये सरकारनेच काढलेल्या 'साम्राज्याच्या विद्यार्थी-गृहा'त एकमेकांना भेटली. तिथेच स्वातंत्र्याची भाषा सुरू झाली, आणि 1965 मध्ये सरकारने ते बंद केलं. संग्रहालयाला दोन तास द्या, वसाहतींवरचा मजला घाईत पाहू नका.

संध्याकाळी कायश दो सोद्रेहून काश्काइशची लोकल धरली. वाटेत काशियाश स्टेशन लागतं. इथल्या किल्ल्याच्या तुरुंगात गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे होते. सांगलीचे, गोव्यात मराठी शिकवणारे, 1955 मध्ये पकडले गेले, 1960 मध्ये इकडे आणले गेले आणि गोवा मुक्त झाल्यावरही 1969 च्या जानेवारीपर्यंत सुटले नाहीत. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी केलेली धडपड आईला लख्ख आठवत होती. आम्ही काशियाशला उतरलो, आणि पुढची गाडी येईपर्यंत फलाटावर त्याबद्दलच बोलत बसलो.