माहेरच्या नावाने शोधलेल्या मुली

आमच्या खो-खो मंडळाला ५० वर्षं होणार म्हणून जुन्या खेळाडूंना एकत्र आणायला समिती बसली. अकरा जणांत बाई मी एकटी. पहिल्याच बैठकीत जुन्या खेळाडूंच्या याद्या टेबलावर आल्या. पुरुषांची चार पानं, फोन नंबरांसकट. बायकांची नावं नऊ, त्यातली दोन एकाच मुलीची, एकदा माहेरची, एकदा सासरची.

"ताई, बायकांचं तुम्ही बघाल ना?" सचिव म्हणाला. बघते म्हटलं. पुढचे साडेतीन महिने त्यातच गेले.

आमचं मंडळ लालबाग-परळच्या चाळींमधलं, १९७५ सालचं. खेळ खो-खो. पुरुष खेळाडू एकमेकांना सुटलेच नाहीत. गणपतीत भेटतात, मयताला भेटतात, त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही आहे. मुलींचं तसं नाही. लग्न झालं की आडनाव बदललं, पुष्कळींचं नावही बदललं. त्यात १९८२ चा गिरणी संप. कितीतरी बिऱ्हाडं त्या दोन वर्षांत कोकणात, साताऱ्याकडे परतली आणि आमचे गडी त्यांच्याबरोबर गेले.

आम्हाला खेळ शिकवणाऱ्या सरांच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत जुनी गुणपत्रकं निघाली. कोण किती मिनिटं पळाली, कुणी किती गडी मारले, सगळं सरांच्या तिरप्या अक्षरात. माझ्या नावापुढे एका सामन्यात "०.४०" होतं. चाळीस सेकंदांत बाद! मला वाटत होतं मी तेव्हा फार पळत असे. असो. नावं एकेचाळीस भरली, पण सगळी माहेरची. आता शोधायचं कसं?

मार्ग काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, दाखवला. "अगं, जमाखर्चाच्या वह्या बघ की. प्रत्येकीच्या लग्नात मंडळाने आहेर केलाय." खरंच होतं ते. "आहेर रु. २१", मुलीचं नाव, लग्नाची तारीख आणि बहुतेक ठिकाणी सासरचं गाव. कंजूष खजिनदाराने खर्चाला पुरावा म्हणून पत्रिकाही टाचून ठेवल्या होत्या. त्याला त्या वेळी आम्ही किती नावं ठेवली होती!

मग फोन. हे काम कुणाला सांगू नये. "खो-खो? आमच्या घरी कुणी खो-खो खेळत नाही," एका यजमानांनी सांगून फोन ठेवला. पुन्हा केला तर मागून आवाज आला, "अहो द्या इकडे, माझाच आहे." काही घरी सुनेला पहिल्यांदाच कळलं की सासूबाई राज्य स्पर्धा खेळल्यात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत भारताच्या मुलींनी पहिला खो-खो विश्वचषक जिंकला होता, कर्णधार आपल्या महाराष्ट्राचीच प्रियांका इंगळे. त्याचा मला फार उपयोग झाला. "तेच ते टीव्हीवरचं" म्हटलं की समोरचा माणूस जरा नीट ऐकायचा.

मैदानाची परवानगी, अनामत रक्कम, लाऊडस्पीकरचा कागद यांनी घाम काढलाच, पण तो कुणाला चुकलाय? खरी चूक आमची झाली. ऑनलाइन फॉर्मात "आधारवरील नाव" मागितलं आणि सगळे बिल्ले सासरच्या नावाने छापून आले. कार्यक्रमाला चार दिवस उरलेले. एकीलाही कुणी ओळखलं नसतं. पुन्हा छापले: वर मोठ्या अक्षरात माहेरचं नाव आणि कंसात मैदानावरचं. बारकी, टांगा, मांजर. खर्च दुप्पट झाला. खजिनदाराने तोंड केलं, मीही केलं.

शनिवारी पहाटे मी दादर स्टेशनवर. बारकी कोकणकन्येने येणार होती. संपात ती गावी गेली तेव्हा एसटीने गेली होती, कोकण रेल्वे नव्हतीच. गाडीतून एक जाड भिंगांची, डोक्यावरून पदर घेतलेली बाई उतरली. मी बघतच राहिले. ती माझ्या मागून आली, पाठीवर थाप मारली आणि फलाटावर खणखणीत ओरडली, "खो!" हमाल दचकला.

रविवारी बायकांचा सामना. फक्की मारून मैदान आखलेलं, खांब रोवलेले. पण उकिडवं बसायचं कुणी? आठांपैकी तिघींचे गुडघे बदललेले. शेवटी ठरलं, मैदानाच्या मधल्या पाटीवर उभ्यानेच राहायचं आणि डाव तीन मिनिटांचा. पंचांनी आक्षेप घेतला, सरांनी त्यांना गप्प केलं. आक्रमण करताना वळायचं नाही, पाटी ओलांडायची नाही, हे पायांना अजून पाठ होतं. दम मात्र नव्हता. बारकी एक मिनिट दहा सेकंद पळाली. चष्मा काढून, पदर खोचून. खांबाला हात घालून तिने अशी काही हुलकावणी दिली की मांजर सरळ पुढे गेली आणि फक्कीत बसली. उठवायला दोघी लागल्या. हसून कुणाला बोलता येईना.

एकेचाळीसपैकी तेहतीस सापडल्या, सव्वीस आल्या. न सापडलेल्या आठ जणींचे बिल्ले माझ्या टेबलाच्या खणात होते. परवा रात्री अनोळखी नंबरवरून एका तरुण मुलीचा फोन आला. "काकू, माझी आजी विचारतेय, तुमच्या मंडळाच्या त्या जुन्या फोटोत डावीकडून तिसरी तीच का?"

तीच. खणात आता सात बिल्ले आहेत.