लाकडी काट्यावर अंबाडा: माझा अनुभव

केसांचा काटा विकताना दात्यांची लांबी खरी लिहा, एवढंच माझं म्हणणं होतं. ते पटवून द्यायला महिन्याच्या वर गेला आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही.

माझे केस कमरेच्या खाली जातात, आणि दाट आहेत. रबरबँडने ते तुटतात. क्लचर दुपारपर्यंत मानेवर येतो. आकडे लावायचे तर मूठभर लागतात, आणि संध्याकाळी काढताना केस ओढले जातात. ऑफिसातली एक मैत्रीण मात्र तेवढाच मोठा अंबाडा दोन दात्यांच्या एका लाकडी काट्यावर दिवसभर सांभाळायची. मला तसाच काटा हवा होता.

तुळशीबागेत आकडे, पिना, जाळ्या, सगळं मिळालं. मोठ्या अंबाड्याला पुरेल असा लाकडी काटा मिळाला नाही. म्हणून ऑनलाइन शोधला. त्याआधी मैत्रिणीने सांगितल्याप्रमाणे माप घेतलं. नेहमीसारखा अंबाडा घालायचा, हाताने धरून ठेवायचा आणि दुसऱ्या कुणाला तरी पट्टीने त्याची रुंदी मोजायला सांगायची. दाते त्याहून साधारण इंचभर लांब हवेत, म्हणजे टोकं पलीकडून बाहेर डोकावतात आणि काटा अडकून राहतो. माझा अंबाडा चार इंच भरला. म्हणजे दाते पाच इंच.

मी निवडलेल्या शिसवी काट्याखाली ‘दात्यांची लांबी पाच इंच’ असं स्पष्ट लिहिलं होतं. आला तो काटा मोरासकट पाच इंचांचा. वरचा कोरीव मोर दीड इंच, खाली दाते साडेतीन. चार इंचांच्या अंबाड्यात साडेतीन इंचांचे दाते आतच संपतात, आणि मान वळवली की सगळं सुटतं. मी तो केसांत घातलासुद्धा नाही, पट्टी लावूनच कळलं.

परत पाठवायला गेले तर उत्तर आलं, ‘केसांच्या वस्तू स्वच्छतेच्या कारणास्तव परत घेतल्या जात नाहीत.’ मी पट्टी शेजारी ठेवून फोटो पाठवला, तरी तेच वाक्य. चॅटवर पर्याय येत होते: रंग आवडला नाही, उशिरा आली, तुटलेली आली. ‘लिहिलेल्या मापाची नाही’ हा पर्यायच नव्हता. ‘इतर’ निवडलं की चॅट बंद व्हायचं. फोनवर बोलणाऱ्या मुलीने शांतपणे सांगितलं, ‘मॅडम, काट्याची लांबी पाच इंचच आहे ना.’ मी म्हटलं, काट्याची आहे, दात्यांची नाही, आणि तुम्ही दात्यांची लिहिली आहे. तिने तक्रार नोंदवते म्हणून सांगितलं. पुढे काहीच नाही. दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा आधीची तक्रार ‘निकाली’ दाखवत होती. कुणी काढली निकालात? मला एक ओळही आली नव्हती.

रक्कम फार नव्हती. घरचेही म्हणाले, जाऊ दे. पण ‘स्वच्छता’ हा शब्द पुढे करून चुकीचं माप खपवायचं, हे मला मान्य नव्हतं. मग नियम वाचले. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार, जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्यं वस्तूत नसतील तर विक्रेता ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देऊ शकत नाही. संकेतस्थळाला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. त्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात ती सोडवायची. हे नाव पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत होतं.

त्या अधिकाऱ्याला लिहिलेल्या ईमेलमध्ये मी राग ठेवला नाही, फक्त चार गोष्टी ठेवल्या: विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट, पट्टीसह फोटो, ऑर्डर क्रमांक आणि नियमाचा उल्लेख. स्क्रीनशॉट मी पार्सल आल्या दिवशीच काढला होता, आणि तो फार उपयोगी पडला, कारण दरम्यान विक्रेत्याने पानावरचं ‘दात्यांची’ काढून ‘एकूण’ केलं होतं. तुम्हीही मापाच्या वस्तूंचे स्क्रीनशॉट ऑर्डर देतानाच काढा. पोच वेळेत आली, नंतर पुन्हा शांतता. शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार दिली. त्यानंतर मात्र पैसे परत आले, कुणी माझ्याशी वाद न घालता. रक्कम खात्यात दिसली तेव्हा मला मनापासून अभिमान वाटला.

मधल्या काळात ओळखीच्या सुताराकडून काटा करून घेतला. उरलेल्या शिसवी फळीतून कापला, थोडा बाक दिला, कारण डोकं सपाट नसतं आणि सरळ काटा टाळूला टोचतो. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने तो गुळगुळीत घासला. घासला की शिफॉनच्या ओढणीवरून फिरवून बघा; धागा अडकला तर केसही अडकतील, परत घासा.

आता लावायची रीत. केस मानेच्या जरा वर गोळा करून पीळ द्यायचा, गुंडाळायचं, शेंडा खाली खोचायचा. काट्याची टोकं अंबाड्यापासून बाहेरच्या दिशेला धरून अंबाड्याच्या कडेचे थोडे केस त्यात घ्यायचे. टोकं टाळूला टेकली की तिथलेही थोडे केस धरायचे, मग काटा पूर्ण उलटा फिरवून अंबाड्याखालून पलीकडे सरकवायचा. सगळी पकड या उलटवण्यात आहे. नुसता सरळ खुपसला तर टिकत नाही. लावल्यावर दुखत असेल तर टाळूचे केस जास्त धरले गेलेत, काढून पुन्हा लावा.

केस मऊ आणि निसरडे असतील तर तीन दात्यांचा घ्या. तेल लावल्या दिवशी घसरतो. न्हाल्यावर लगेच लावू नका: ओले केस जास्त ताणले जातात आणि लवकर तुटतात, शिवाय लाकूडही फुगतं. रोज एकाच जागी घट्ट बांधू नका, सततच्या ताणाने कडेचे केस विरळ होतात. डॉक्टर त्याला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात. मी एक दिवस खाली, एक दिवस वर बांधते.

आणि हेल्मेटखाली काटा अजिबात नको. अंबाड्यावर हेल्मेट नीट बसत नाही, आणि पडलात तर ती टोकं डोक्यातच जातील. स्कूटरवर मी वेणी घालते, काटा चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवते आणि ऑफिसात पोचल्यावर लावते.