तात्पर्य कुणी विचारले नव्हते

इथल्या वाचनालयात मुलाबाळांसह गोष्ट ऐकायला बोलावतात आणि वर रात्रीचे जेवणही देतात, हे आईला फोनवर सांगितले तेव्हा तिने विचारले, "जेवण कशापायी? नुसत्या गोष्टीला माणसं येत नाहीत व्हय तिकडं?" प्रश्न बोचरा होता आणि मला तो आवडला, कारण त्या कार्यक्रमातून मी जरा दुखावूनच परत आलो होतो.

मी राहतो ते अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातले याकिमा खोरे सफरचंदे, द्राक्षे आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) यांचे आहे. बागांत राबणारी पुष्कळ कुटुंबे मूळची मेक्सिकोची, त्यामुळे आमच्या गटात इंग्रजीबरोबर स्पॅनिशही चाले. कार्यक्रमाचे नाव ‘प्राइम टाइम’. तो 1991 मध्ये लुइझियाना राज्यात सुरू झाला आणि आमच्या राज्यात ‘ह्युमॅनिटीज वॉशिंग्टन’ ही संस्था तो चालवते. (हीच संस्था बिअरच्या गुत्त्यातही वैचारिक चर्चा भरवते, ते मी आईला अजून सांगितलेले नाही.) सहा आठवडे, आठवड्यातून एकदा दीडेक तास: आधी जेवण, मग एक जण चित्रांचे पुस्तक मोठ्याने वाचतो आणि दुसरा त्यावर सर्वांना बोलते करतो.

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट भुकेल्या धाकट्या भावंडांसाठी पाव चोरणाऱ्या मुलाची होती. पाववाला त्याला पकडतो आणि चौकीवर नेतो. चर्चा चालवणाऱ्या बाईंनी विचारले, "पाववाल्याने त्याला सोडून द्यायला हवं होतं का?" शाळेत कथाकथनाची बक्षिसे मिळवलेला मी, हात वर केला आणि गरिबी कितीही असली तरी चोरी ती चोरीच, असे नीट घडवलेले वाक्य ऐकवले. बाईंनी मान डोलावली, ‘बरोबर’ म्हटले नाही, आणि विचारले, "कुणाला वेगळं वाटतं का?" पहिला हात माझ्या आठ वर्षांच्या मुलीचा. ती म्हणाली, "त्याने आधी मागितला होता. बाबा ते पान विसरले." सगळे हसले. मग फळे निवडण्याच्या कामावरून थेट आलेली एक आई स्पॅनिशमध्ये म्हणाली की पाववाल्यालाही दुकानाचे भाडे भरायचे असेल, त्याचा विचार कोण करणार? तिच्या मुलाने ते इंग्रजीत सांगितले आणि पुढची वीस मिनिटे, दुभाष्यासह, पाववाल्याचा हिशेब चालला. वेळ संपली, बाईंनी पुढच्या आठवड्याची पुस्तके वाटली आणि खुर्च्या रचायला घेतल्या. योग्य उत्तर कोणते, हे त्यांनी सांगितलेच नाही.

मला याचा राग आला, आणि तो बरेच दिवस टिकला. दीड तास माणसे बसवून शेवटी काही पदरात घालायचे नाही, ही कसली रीत? आपण धड्याखालचे तात्पर्य पाठ करून मोठे झालो. कीर्तनात बुवा उत्तररंगात आख्यान लावतात ते पूर्वरंगातला सिद्धान्त पटवण्यासाठीच, आणि व्याख्यानमालेत वक्त्याने काही मोकळे सोडले तर ते बांधून टाकायला अध्यक्षीय समारोप असतो. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे, त्यांतल्या दोन निवडल्या जायच्या, आणि तिसरी कधी निघालीच तर आभारप्रदर्शनाची वेळ झालेली असायची. मी स्वतः अशा चिठ्ठ्या गोळा केल्या आहेत आणि त्या खिशात ठेवून घरीही नेल्या आहेत.

तरीही आपल्याकडे काही नव्हते असे कुणी म्हटले तर मी भांडेन. सांगली जिल्ह्यातले आमचे भिलवडी कृष्णेच्या एका काठाला आणि औदुंबर दुसऱ्या. दरवर्षी 14 जानेवारीला औदुंबरला सदानंद साहित्य मंडळाचे संमेलन भरते. आजोबा मला नावेतून पलीकडे नेत. धोतराच्या सोग्यात तिळगूळ, पिशवीत भोगीची उरलेली बाजरीची भाकरी. शेजारी बसलेल्या माणसाच्या टाचांना उसाच्या रानातला चिखल असे आणि तो कवितेला दाद देई. त्याला पिझ्झा द्यावा लागला नव्हता.

इथला सगळा डोलारा मुख्यतः सरकारी पैशावर उभा आहे. 1965 च्या कायद्याने मानव्यविद्यांसाठी, म्हणजे साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांसाठी, राष्ट्रीय निधी स्थापन झाला आणि पुढे राज्ये व इतर प्रदेश मिळून 56 परिषदांना त्यातून वाटा मिळू लागला; ‘ह्युमॅनिटीज वॉशिंग्टन’ ही त्यांतलीच एक. एप्रिल 2025 मध्ये ही अनुदाने रद्द केल्याची पत्रे आली. मेलन या खासगी प्रतिष्ठानाने दीड कोटी डॉलर देऊन तात्पुरता टेकू दिला, पण 56 जणांत ते किती पुरणार? बातमी वाचून मला वाईट वाटले, आणि त्याच्या आत कुठेतरी बरेही वाटले, हे कबूल करतो. आमचे संमेलन दिल्लीच्या पत्राने बंद पडणारे नाही, असे मी बायकोला ऐकवले. "तू शेवटचा कधी गेला होतास?" तिने विचारले.

2006 मध्ये. जानेवारीत सुटी मिळत नाही, मुलीची शाळा असते, डिसेंबरची तिकिटे परवडत नाहीत. यावर ती म्हणाली की जानेवारीच्या मध्यावर तिकिटे स्वस्त असतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या नगर वाचनालयात शिरून हजारो पुस्तके भिजली तेव्हा मी पैसे पाठवले होते आणि तसे चार ठिकाणी सांगितलेही होते. पाने वाळवायला जी माणसे लागली असतील त्यांत मी नव्हतो. जवळजवळ आठ हजार मैलांवरून कुणी पाने वाळवू शकत नाही, हेही खरेच आहे.

गेल्या रविवारी आई फोनवर नातीला काऊचे शेणाचे घर आणि चिऊचे मेणाचे घर सांगत होती. ‘थांब माझ्या बाळाला तीट लावू दे’ इथे मुलीने तिला अडवले. "आजी, कावळा पावसात भिजत होता, मग चिऊने लगेच दार का नाही उघडलं?"

आई गप्प झाली. मग म्हणाली, "मेणाचं घर गं तिचं, केवढंसं असणार."

"पण तिने विचारलं पण नाही, तू भिजलास का?"

"नाही विचारलं खरं," आई म्हणाली. "पोरं होती तिची घरात. तू काय केलं असतंस?"

पुढे पाऊण तास फोन माझ्या हाती आला नाही.