आरामाच्या जलप्रवासासाठी लहान जहाज निवडताना : माझा अनुभव

माझे यजमान भुसावळच्या लोको शेडमधून निवृत्त झाले. नोकरीची सगळी वर्षे इंजिनांच्या आवाजात आणि पाळ्यांच्या वेळापत्रकात गेल्यामुळे त्यांची इच्छा साधी होती : रोज सामान बांधावे-सोडावे लागणार नाही, पहाटे कोणी उठवून बसमध्ये बसवणार नाही आणि बसल्या जागेवरून काठ सरकताना दिसेल, असा प्रवास करायचा. त्यासाठी जहाजच योग्य, यावर आमचे लगेच एकमत झाले. पण कोणते जहाज, हे ठरवायला बराच काळ लागला. आपल्या खानदेशात अशा प्रवासाची माहिती देणारी माणसे थोडी आहेत, म्हणून त्या शोधात जे समजले ते सविस्तर लिहीत आहे.

जळगावच्या ट्रॅव्हल एजंटने सांगितले, "काकू, पहिल्यांदाच जाताय ना, मग मोठेच जहाज घ्या. आत सगळे असते." मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबासाठी हा सल्ला उत्तमच आहे. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप आणि कोचीच्या फेऱ्या करणारे 'एम्प्रेस' हे जहाज १९९० साली बांधलेले, सुमारे २११ मीटर लांबीचे आणि दीड हजारांहून अधिक प्रवासी घेणारे आहे. जगाच्या मानाने तेही मध्यमच म्हणायचे, कारण २०२४ पासून चालणाऱ्या 'आयकॉन ऑफ द सीज'वर एका केबिनमध्ये दोघे असा हिशेब धरला तरी ५,६१० प्रवासी मावतात.

मोठ्या जहाजावर दाटी असणार, असे मी धरून चालले होते. आकडे मात्र वेगळे बोलतात. ग्रॉस टनेज म्हणजे जहाजाचे वजन नव्हे, तर त्याच्या आतील बंदिस्त जागेचे माप, आणि त्याला प्रवासीसंख्येने भागले की माणशी किती जागा वाट्याला येते याचा अंदाज बांधता येतो. 'आयकॉन'साठी हा भागाकार सुमारे ४४ येतो, 'एम्प्रेस'साठी तीसच्या आसपास. तेव्हा जागा दोन्हीकडे असते. मोठ्या जहाजावर जातो तो वेळ, कारण हजारो माणसांना मोजक्या दारांतून बंदरावर उतरायचे असते आणि साधारण एकाच सुमारास जेवायचे असते. शिवाय काही ठिकाणे मोठ्या जहाजांना बंदच आहेत. व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यात २०२१ पासून २५,००० ग्रॉस टनेजवरील जहाजांना प्रवेश नाही, आणि अंटार्क्टिकात पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाला कोणालाही किनाऱ्यावर उतरवता येत नाही.

तरीही लहान जहाज घेतले की प्रवास शांत होईलच, असे समुद्रावर म्हणता येत नाही. लाट तीच असली तरी लहान जहाज जास्त हेलकावते. तळाकडच्या, मधोमध असलेल्या केबिनला हेलकावे सर्वांत कमी जाणवतात हे खरे, पण चाळीसगावहून कन्नडचा घाट चढतानाही मला गाडी लागते. मग बोट लागणार नाही याची खात्री कोण देणार? माझ्या मते म्हणूनच आधी पाणी निवडावे आणि मग जहाज. आम्ही नदी निवडली. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून दिब्रुगडकडे निघालेल्या 'गंगा विलास'ची बातमी लक्षात होती : ३६ प्रवासी, १८ केबिन, ५१ दिवस आणि सुमारे ३,२०० किलोमीटर. इतका मोठा पल्ला आम्हाला झेपणारा नव्हता. परंतु कोलकात्याहून हुगळीने मुर्शिदाबादकडे जाणाऱ्या लहान जहाजांच्या आठवडाभराच्या फेऱ्या असतात, त्यांना पासपोर्ट लागत नाही आणि भुसावळहून हावड्याला थेट गाड्या आहेत.

जहाजांची छायाचित्रे सगळीच सुंदर असतात, त्यामुळे त्यांवरून काही ठरवता येत नाही. मी डेकचा नकाशा मागवला, केबिनची मापे घेतली आणि ती घराच्या ओसरीवर खडूने आखली. पलंग कुठे, दार कुठे उघडते, रात्री उठून न्हाणीघरात जाताना किती पावले आणि उंबरठा किती उंच, हे सगळे त्या रेघांमध्ये चालून पाहिले. लहान जहाजांवर बहुधा लिफ्ट नसते. ह्यांचे गुडघे दुखतात, म्हणून जेवणघर ज्या डेकवर आहे त्याच डेकवरची केबिन मिळेल का, हा माझा पहिला प्रश्न होता. दुसरा जनरेटरचा : रात्री नांगर टाकल्यावर तो कुठे चालतो आणि कोणत्या केबिनला त्याची घरघर ऐकू येते? एका कंपनीने याला तीनदा विचारूनही फक्त माहितीपत्रक पाठवले. तिला आम्ही सोडून दिले. जिथे व्यवस्थापकाने स्वतः फोन करून "ताई, मागच्या दोन केबिन घेऊ नका" असे स्पष्ट सांगितले, तिथे बुकिंग केले.

जहाजावर डॉक्टर नसतो, हेही त्यांनीच सांगितले. नदीवरच्या लहान जहाजावर हे स्वाभाविक आहे, कारण काठावरचे गाव जवळ असते; मात्र रक्तदाबाच्या गोळ्या, तपासणीचे कागद आणि विमा यांची तजवीज आपणच करून जावी लागते. जेवणाचे आधी कळवले होते. बंगाली स्वयंपाक्याने आमच्यासाठी शाकाहारी पदार्थ वेगळ्या भांड्यात केले, आणि मी नेलेला काळा मसाला घालून एके दिवशी शेवभाजीही केली, जी ह्यांनी फार समाधानाने खाल्ली.

काठावर कसे उतरवतात, हा प्रश्न विचारायलाच हवा. हुगळीच्या अनेक घाटांवर जेटी नाही. कालना येथे जहाज प्रवाहात उभे राहिले, आम्ही लाइफजॅकेट घालून देशी होडीत उतरलो आणि घाटावर लाकडी फळी टाकली गेली. तिच्या दोन्ही बाजूंना दोघे खलाशी गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि त्यांनी खांद्यावर धरलेला लांब बांबू आमचा कठडा झाला. यजमान एका हाताने तो धरून सावकाश चालत गेले. मागे ताटकळणारे कोणी नव्हते, त्यामुळे कोणी घाई केली नाही. तिथली १८०९ साली बांधलेली १०८ शिवमंदिरे दोन वर्तुळांत आहेत, बाहेर ७४ आणि आत ३४. आम्ही आतल्या वर्तुळात हवा तितका वेळ बसलो, कारण परत बोलावणारा भोंगा नव्हता. पुढे मटियारीत पितळेची भांडी ठोकणाऱ्या कारागिरांच्या दारातही तसेच झाले.

माणशी खर्च मुंबईच्या मोठ्या जहाजापेक्षा बराच जास्त आला, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यात काठावरच्या फेऱ्या, वाटाड्या आणि जेवण धरलेले होते, तरी ती रक्कम आम्हाला विचार करूनच काढावी लागली. फेरी ऑक्टोबर ते मार्चच्या दरम्यान घ्यावी. उन्हाळा जवळ आला की वरच्या पात्रात पाणी उतरते. पाणी कमी पडल्यास जहाज कुठपर्यंत जाईल आणि पुढचा टप्पा मोटारीने असेल का, हे बुकिंगपूर्वी लेखी मागून घ्यावे. आणि हावड्याला निदान एक दिवस आधी पोहोचावे, कारण गाडीला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही.