रात्री दोनला चालणारं मशीन

आमच्या घरात भूत शिरलंय असं सासूबाईंचं पक्कं मत झालं होतं. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. रात्री दोन-अडीचला पडवीतून शिलाई मशीनचा आवाज यायचा आणि उठून बघावं तर अंधार. "बाहेरचं हाय काहीतरी, नारळ फोडा," असं त्यांनी दोनदा सांगितलं. शेवटी एका रात्री हे बॅटरी घेऊन आले, तर मशीनवर मी.

"अगं, काय करायलीस अंधारात?"

काय सांगणार? बॉबिन भरताना करतो तसा चाकाचा स्क्रू ढिला केलेला, म्हणजे सुई जागची हलत नाही. कापड नाही, दोरा नाही. नुसतं पायडल मारत बसले होते. पंधरा मिनिटं पाय चालले की पोटऱ्यांतली वळवळ निवायची. मग अंथरुणात जायचं, डोळा लागायच्या बेतात आलं की पुन्हा सुरू.

केज तालुक्यातलं आमचं गाव. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश असं माझं काम. दिवसभर पायांना काही होत नसे. नऊ वाजता आडवी झाले की हाडांच्या आत मुंग्यांची रांग चालल्यासारखं व्हायचं. दुखणं नाही, बधिरपणा नाही, गोळाही नाही. पाय हलवलेच पाहिजेत, एवढंच. न हलवता दोन मिनिटं दम धरला तर पाय आपोआप झटका मारायचा. हे मी डॉक्टरांना "पाय दुखतात" असं सांगायचे, कारण दुसरा शब्दच नव्हता, आणि तिथंच सगळं चुकत गेलं.

खरं तर शब्द घरात होता. माझी आजी "पाय तळमळतात" म्हणायची. आम्ही पोरं तिच्या पोटऱ्यांवर उभी राहून पाय तुडवायचो, त्याबद्दल गुळाचा खडा मिळायचा. माझी आईही जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुडघ्याखाली करकचून बांधून झोपते. आम्हाला ती कामाची दमणूक वाटायची. मला स्वतःलाही धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यात असंच झालं होतं आणि बाळंत झाल्यावर आपोआप गेलं. एक्केचाळिसाव्या वर्षी परत आलं ते मुक्कामालाच.

त्या दोन वर्षांत मे महिन्यात गच्चीवर ओली चादर पायांना गुंडाळून झोपले. करडईचं तेल कोमट करून चोळलं. शहाबादी फरशीवर उघडे पाय टेकले की बरं वाटायचं, पण फरशी तापली की संपलं. शेतीची लाईट रात्रीची असली की हे दारं धरायला जायचे, मीही मागोमाग. चिखलात फिरत, वाफा भरला की दार मोडत पहाट व्हायची. लोकांना वाटायचं, बाई किती कष्टाळू! पोराला भेटायला पुण्याला रात्रीच्या बसनं जाणं मात्र मी बंद केलं. एकदा अहमदनगरपर्यंत दोन सीटच्या मधल्या वाटेत उभी होते, कंडक्टरनं तीनदा बसायला सांगितलं. सप्त्यातल्या कीर्तनाला मी मागं खांबाला टेकून उभी राहायचे.

यांनी हौसेनं मशीनला मोटर बसवून दिली, बायकोच्या पायांना आराम म्हणून. पाय दिवसभर गप्प बसल्यावर संध्याकाळीच वळवळ सुरू झाली. महिन्यात मोटर काढून ठेवली. अजून माळ्यावर आहे.

किती डॉक्टर करून झाले ते थोडक्यात सांगते. एकानं बी-बाराची इंजेक्शनं दिली. एकाला शिरा फुगल्याची शंका आली, सोनोग्राफी केली, शिरा चांगल्या निघाल्या. एकानं टेन्शन घेऊ नका सांगून झोपेची गोळी दिली, तर झोप अंगावर आणि पाय जागे, हे आणखी वाईट. रक्त प्रत्येकानं तपासलं. हिमोग्लोबिन १२.२. "नॉर्मल आहे ताई."

सगळ्यात भयंकर रात्र सर्दीची. मेडिकलवरून सर्दीची साधी गोळी आणली, झोप आणणारी. त्या रात्री मी सकाळी पाचपर्यंत अंगणात फेऱ्या मारत होते, रडत. पुढं कळलं की सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या धाटणीच्या गोळ्यांनी हा त्रास चाळवतो. उलटीच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनीही.

लातूरला मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे गेले ते खरं तर जावेच्या मायग्रेनसाठी, तिच्या सोबतीला. बाहेर बाकावर सगळे बसलेले आणि मी कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होते. जावेचं झाल्यावर डॉक्टरांनी मलाच विचारलं, "तुम्ही बसत का नाही?" मग चार प्रश्न. पाय हलवावेसे वाटतात का? बसल्यावर, पडल्यावर वाढतं का? चाललं की कमी होतं का? संध्याकाळनंतर जास्त का? चारही हो. घरात आणखी कुणाला? आजी, आई. "रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम," ते म्हणाले, म्हणजे पायांना स्वस्थ बसू न देणारा आजार. स्वीडनच्या एकबॉम नावाच्या डॉक्टरनं १९४५ मध्ये हे नाव रूढ केलं, आणि त्याच्या कितीतरी आधी, १६७२ मध्ये, विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरनं असे रोगी लिहून ठेवलेत. म्हणजे इकडं शिवाजी महाराज राज्य करत होते तेव्हा तिकडं कुणीतरी आमच्या आजीचं दुखणं कागदावर मांडून ठेवलं होतं. मला हसूच आलं. जाऊ घाबरली.

त्यांनी फेरिटिन तपासायला सांगितलं. ते आलं १४. लॅबच्या कागदावर मर्यादा १० पासून पुढं, त्यामुळं आकडा ठळक छापलेला नव्हता. मला वाटलं, झालं, हेही नॉर्मल. डॉक्टरांनी समजावलं ते असं: हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या वापरात असलेलं लोह, आणि फेरिटिन म्हणजे कणगीत साठवलेलं. घरात आज भाकरी थापली जाते म्हणून कणगी भरलेली आहे असं नसतं. मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालीवर ताबा ठेवणारं रसायन, तयार व्हायला लोह लागतं, आणि या आजारात फेरिटिन ७५ च्या वर न्यायचं बघतात, लॅबची मर्यादा काहीही म्हणो. पाय लगेच थांबवणाऱ्या गोळ्याही असतात, पण त्यातल्या काही पहिले दिवस जादू करतात आणि नंतर तोच त्रास रात्रीऐवजी दुपारीच सुरू होतो, म्हणून आधी लोह. मला हे पटलं. जादूवर माझा विश्वास नाही, आत्यांचा आहे.

गोळी एक दिवसाआड, रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर. आणि गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नाही.

ही अट वाचायला सोपी आहे. आमच्याकडं पाहुणा आला की चहा, गिऱ्हाईक आलं की चहा, माप घेतलं की चहा. "नको" म्हटलं तर बाईच्या तोंडावर ब्लाऊज बिघडवल्याचा भाव. मी मोजलं, दिवसाला सात कप व्हायचे. जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आणि भाकरी मोडून झाली की चहा ही आमची वर्षानुवर्षांची रीत. गोळी पहाटे पाचला घ्यायला लागले आणि चहा दोन कपांवर आणला. पहिला आठवडा डोकं ठणकलं. शौचाला काळं आणि कडक व्हायचं, त्याला रोज पेरू आणि भरपूर पाणी.

दोन महिन्यांनी तपासलं तर ८८! पेढे आणायला निघाले होते. डॉक्टरांनी विचारलं, "मधे ताप आला होता का?" आला होता, आठ दिवसांपूर्वीच. तापात, सुजेत फेरिटिन खोटं वाढतं म्हणे. महिन्यानं पुन्हा पाहिलं, २७.

एवढं सावकाश का, तर लोह येत होतं तसंच जात होतं. पाळी नऊ-नऊ दिवस, अंगावरून जास्त. हे मी कुठल्याच डॉक्टरला सांगितलं नव्हतं, पायाचा आणि त्याचा काय संबंध म्हणून. सोनोग्राफीत लहानशी गाठ निघाली. पहिल्या दवाखान्यात पाच मिनिटांत ऐकलं, "पिशवी काढून टाका, मुलं झालीत ना?" बीड जिल्ह्यात बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या जातात ते २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. मी उठून आले. दुसऱ्या डॉक्टर बाईंनी पाळीच्या दिवसांपुरत्या रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या दिल्या आणि गाठीवर लक्ष ठेवू म्हणाल्या. अजून पिशवी जागेवर आहे.

मग लातूरच्या डॉक्टरांनी लोहाची सलाईन लावली. अर्ध्या तासाचं काम, पण त्या अर्ध्या तासात पाय स्थिर ठेवायचे, हा विनोदच. नर्सनं सकाळची वेळ दिली, म्हणून जमलं. दुसऱ्या दिवशी काहीच फरक नाही, आठवड्यानंही नाही. पैसे गेले, असं मनात आलं. पाचव्या आठवड्यात एका सकाळी जाग आली तर उजाडलेलं होतं आणि आत्या चूल पेटवत होत्या. मी आधी घड्याळच हलवून पाहिलं.

आता फेरिटिन ९६ आहे. सहा महिन्यांनी बघतो. लग्नसराईत रात्री उशिरा चहा झाला, किंवा जागरण झालं, की पाय आठवण करून देतात. तेव्हा उठून अंगणात दहा फेऱ्या, थंड पाणी, आणि पुन्हा आडवी. कीर्तनाला बसते, मांडी घालून, मात्र कडेला.

माझं बघून दोन गिऱ्हाइकांनी मेडिकलमधून परस्पर लोहाच्या गोळ्या आणल्या. मी दोघींना आधी रक्त तपासायला पाठवलं, कारण लोह जास्त झालं तर लिव्हरला बाधतं. एकीचं फेरिटिन चांगलं निघालं, तिचं दुखणं मणक्याचं होतं.

आईला मी मुद्दाम नेऊन तपासलं. फेरिटिन ९. गोळ्या सुरू केल्या, दोन महिने झाले, आकडा हलेना. परवा माहेरी पहाटे जाग आली, तर ती चुलीपुढं बसून गोळी घेत होती. चहाबरोबर.

"माय, काय सांगितलं होतं?"

"अगं, कडू लागती ती. पाण्यानं उतरत नाही."