टोमॅटोचं पान चिमटलं आणि कंट्रोलच गंडला – माझा अनुभव

एमएस्सीच्या डेझर्टेशनला मला टोमॅटो मिळाला. काम ऐकायला एकदम सोपं, पान चिमट्याने चुरगाळायचं आणि पीआय-टू नावाचा जीन किती चालू झाला ते क्यूपीसीआरवर (जीनच्या आरएनए प्रती मोजायची पद्धत) बघायचं. या जीनचं प्रोटीन अळीच्या पोटातल्या ट्रिप्सिनसारख्या एन्झाइमना अडवतं, म्हणजे अळीने पान खाल्लं तरी तिला ते नीट पचतच नाही, भारीये ना!

पहिला राउंड पूर्ण वाया. रोपं कमी होती म्हणून मी शहाणपणा केला, खालचं पान चिमटलं आणि त्याच रोपाचं वरचं, हात न लावलेलं पान कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी, धरलं. आठ तासांनी दोन्ही तोडली, लिक्विड नायट्रोजन ओतून खलात कुटली (ग्लोव्हज असून बोटं बधिर), मग आरएनए काढा, डीएनेजने त्यातला डीएनए घालवा, त्याचा सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत) बनवा, हे करता करता रात्रीचे अकरा. ग्राफ बघते तर दोघांत फरक जेमतेम! प्रायमर (क्यूपीसीआरमध्ये नेमका जीन पकडणारे डीएनएचे तुकडे) गंडले समजून नवीन मागवायला निघाले, तर सीनियर ताई म्हणाली, "कंट्रोल पान कुठलं गं?" सांगितलं, आणि ती हसतच सुटली.

1972 लाच अमेरिकेत ग्रीन आणि रायन यांनी दाखवलंय की कोलोरॅडो भुंगेऱ्याने एक पान कुरतडलं तरी बाकीच्या धड पानांतही हे इनहिबिटर, म्हणजे पचन अडवणारे प्रोटीन, साठतात. म्हणजे माझं कंट्रोल पानही जागं झालेलं! 1991 मध्ये रायनच्याच लॅबला सिस्टेमिन सापडलं, 18 अमिनो आम्लांचं एवढंसं पेप्टाइड, त्याने जॅस्मोनिक अ‍ॅसिड हे झाडाचं हार्मोन वाढतं आणि निरोप झाडभर जातो. परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं होतं हो मी हे!

दुसऱ्यांदा कंट्रोलची रोपं वेगळी, आणि तीही दुसऱ्या खोलीत, कारण मिथाइल जॅस्मोनेट, त्याच हार्मोनचं उडून जाणारं रूप, हवेतूनही शेजारच्या झाडाला पोचतं. यावेळी चिमटलेल्या पानात पीआय-टूचा सीटी (सिग्नल दिसायला लागलेली सायकल, दर सायकलला प्रती दुप्पट) सहाने खाली आला, म्हणजे जीन साधारण 64 पट चालू, आणि न बदलणारा तुलनेचा जीन अ‍ॅक्टिन जागच्या जागी. मी लॅबमध्येच ओरडले.

बॅक्टेरियाचा सेट वेगळा होता. त्यांच्या शेपटीतल्या फ्लॅजेलिनचा 22 अमिनो आम्लांचा तुकडा बिनसुईच्या सिरिंजने पानात भरायचा, झाड तेवढ्यावरूनच बॅक्टेरिया ओळखतं. पण सिरिंज दाबली की तीही जखमच, म्हणून इथे कंट्रोल म्हणजे नुसतं पाणी भरलेलं पान. यावेळी ताईला आधी विचारलं.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "म्हणजे मी टोमॅटोची बगलफूट (बगलेतले नको असलेले फुटवे) काढतो तेव्हाही झाड जागं होतं? मग अळीचा एक स्प्रे कमी करू का?" तेवढं मात्र नको म्हटलं.