आवाज ठणठणीत, पडदा काळा: एका ४३ इंचीची नोंद

टेबलावर सध्या ४३ इंची एलईडी टीव्ही पालथा पडला आहे. आधी चालू केल्यावर उजेड क्षणभर यायचा आणि जायचा, आता तेवढाही येत नाही. आवाज मात्र ठणठणीत, रिमोटने चॅनेलही बदलतात. म्हणजे मेनबोर्ड आणि त्याला लागणारे सप्लाय जागेवर आहेत. खोलीत अंधार केला, पडद्याजवळ टॉर्च तिरका धरला आणि मेनू उघडला, तर अक्षरं पुसट का होईना, दिसली. पॅनेल आणि त्याला चित्राचे सिग्नल देणारा बोर्ड, टी-कॉन, आपापलं काम करतायत. गेला आहे तो मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट. ही चाचणी फुकट आहे, एकही स्क्रू काढावा लागत नाही, तरी लोक थेट मेनबोर्ड बदलायला का निघतात हे मला कोडंच आहे.

झाकण काढल्यावर आधी पॉवर सप्लायचा मोठा कपॅसिटर. २३० व्होल्टच्या सप्लायवर त्यात सव्वातीनशेच्या आसपास डीसी साठतं, पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट, पीएफसी, असेल तर ३८०-३९०, आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहू शकतं. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी काढायची हौस मला नाही. इन्सुलेशन चढवलेल्या तारांचा २.२ किलोओम, ५ वॅटचा रेझिस्टर लावून तो रिकामा करायचा, मग मीटरने खात्री करायची. वर फुगलेला कपॅसिटर एकही नव्हता.

नंतर बॅकलाइटच्या प्लगवर मीटर लावून टीव्ही चालू केला. व्होल्टेज झपकन शंभरावर गेलं आणि लगेच २४ वर उतरून तिथेच बसलं. या एका हालचालीत सगळं निदान आहे. ड्रायव्हर, म्हणजे बॅकलाइटला वीज पुरवणारं सर्किट, २४ व्होल्ट उचलून एलईडीच्या पट्ट्यांना हवं तेवढं करतो. करंट वाहत नाही म्हटल्यावर तो आणखी जोर लावतो, शेवटी ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन त्याला थांबवतं, आणि कॉइल-डायोडमधून सरळ आलेले २४ तेवढे उरतात. ड्रायव्हर धडधाकट आहे, एलईडीची माळ ओपन आहे, म्हणजे कुठेतरी तुटली आहे. प्लग काढून एलईडी टेस्टर तारांना लावला, तर तो आपल्या कमाल व्होल्टेजला जाऊन टेकला. पॅनेल न उघडता पक्कं झालं.

पॅनेल काढणं हा या कामातला खरा जीव मुठीत धरायचा भाग. काचेच्या कडेला चिकटलेल्या त्या पातळ फिती, सीओएफ, एकदा दुमडल्या की घरी दुरुस्त होत नाहीत. म्हणून फितींच्या बोर्डाचे स्क्रू आधी सोडवले, व्हॅक्यूम कप लावले आणि दोघांनी मिळून काच सपाटच उचलली. खालच्या शीट ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने, कोपऱ्यावर खूण करून ठेवल्या. बोटांचे ठसे नंतर पांढऱ्या पडद्यावर डोळ्यांत खुपतात, म्हणून हातमोजे.

आत तीन पट्ट्या, प्रत्येकीवर ३ व्होल्टचे आठ एलईडी, सगळे सिरीजमध्ये. एक मेलेला, त्याच्या शेजारच्या दोघांचा पिवळा थर करपून काळा पडलेला. एकच बदलून भागलं असतं, पण बाकीचेही तेवढेच तापलेले आहेत आणि नव्या-जुन्याचा रंग जुळत नाही. म्हणून पूर्ण संच बदलला. नव्या पट्ट्यांची एक लेन्स सैल होती. ती इपॉक्सीने चिकटवली. सुपरग्लूची वाफ लेन्सवर पांढरी साय धरते.

इथे बहुतेक जण थांबतात आणि तिथेच माझं जमत नाही. एलईडी आपोआप मेला नाही, तो जाळला गेला. ड्रायव्हर ज्यावरून माळेचा करंट ओळखतो त्या सेन्स रेझिस्टरवर ०.३ व्होल्ट पडतात असं नवी माळ लावून मोजलं. १ ओम आणि १.५ ओम पॅरलल, म्हणजे ०.६ ओम, म्हणजे ५०० मिलिअँपिअर. पातळ पत्र्यावर चिकटवलेल्या पट्टीला दिवसरात्र एवढा करंट द्यायचा आणि वर कारखान्यातून येतानाच बॅकलाइट शंभरावर ठेवायचा! १.५ चा रेझिस्टर उतरवला. ड्रायव्हर तेच ०.३ व्होल्ट धरतो, त्यामुळे करंट ३०० वर आला. करंट ४० टक्के घटला, पण उजेड तेवढा घटत नाही, कारण कमी करंटला एलईडीची कार्यक्षमता वाढते. शेजारी जुना टीव्ही ठेवल्याशिवाय फरक कळणारही नाही. काहींना ही कारखान्याच्या डिझाइनमधली ढवळाढवळ वाटते. मला नवी पट्टी त्याच भट्टीत घालणं जास्त चुकीचं वाटतं.

आता माळेवर ७३ व्होल्ट, स्थिर. ब्राइटनेस पूर्ण ठेवून, झाकण न लावता टीव्ही चालतोय. मागचा पत्रा कोमट आहे, हात ठेवता येतो.

दरम्यान जुन्या पट्ट्यांवरचे न करपलेले एलईडी उतरवून ठेवतोय, टेस्टिंगला कामी येतात. पट्टी अॅल्युमिनियमची असल्याने नुसत्या सोल्डरिंग आयर्नने सोल्डर सुटत नाही, खालून हॉटप्लेट लागते. ३ व्होल्टचे आणि ६ व्होल्टचे वेगळ्या डब्यांत ठेवा. वरून ते सारखेच दिसू शकतात, आणि ६ व्होल्टचा चांगला एलईडी मीटरच्या डायोड मोडवर पेटतच नाही, त्यामुळे मेलेला समजून फेकला जातो.